पाणी न चालणारा शाळिग्राम

दर गुरुवारी संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चपला ठेवायला जागा उरत नसे. लिफ्टमधून बाहेर पडणारी माणसं आधी हात जोडत आणि मग इंदिराबाईंच्या हॉलमध्ये शिरत. सायखेड्याहून, वणीहून, अगदी सटाण्याहून लोक येत. कारण या घरात मेलेला माणूस बोलत होता, आणि तो एसीतून बोलत होता.

भिंतीवर एसी, त्याखाली टीव्ही. समोरच्या भिंतीशी टेबलावर इंदिराबाईंच्या दिवंगत यजमानांचा, दिगंबररावांचा, चंदनी हार घातलेला फोटो. फोटोपुढे पितळी तबकात काळाभोर, गुळगुळीत, वाटोळा शाळिग्राम, त्यावर तुळशीचं पान, आणि शेजारी विजेवर चालणारा अखंड दीप. ही बैठक चालवणारे तेजनाथ महाराज डोळे मिटून सांगत की देह पाच तत्त्वांचा, त्यातलं वायुतत्त्व आत्म्याला सर्वांत जवळचं आणि एसी म्हणजे तरी काय, वायूच. मग ते हाक मारत, "दिगंबरराव, आला असाल तर सांगा."

टुक्. एसीची झडप हळूच उघडे, गार झुळूक येई, कधी टीव्हीही आपोआप लागे आणि हॉलमधल्या बायका पदराने डोळे टिपू लागत.

सगळ्यांत मागे, दाराजवळच्या स्टुलावर वेणीमाधव बसलेले असत. ते इंदिराबाईंचे थोरले भाऊ. पंचवटीतल्या पूजाअर्चा सांगणाऱ्या घरात जन्मले, पण स्वतः आयुष्यभर एका वाचनालयात पुस्तकांना क्रमांक देत बसले. चार माणसांत बोलायची वेळ आली की ते मागची जागा शोधत. आपल्याला पटत नाही ते खोटं असतं की आपलीच समज तोकडी असते, हा प्रश्न त्यांना जन्मभर सुटला नव्हता. त्यामुळे पहिले काही गुरुवार ते गप्पच राहिले. बहिणीला दुःखात आधार मिळतोय, तर आपण कोण मध्ये बोलणार?

पण एके दिवशी पाणी घ्यायला त्यांनी फ्रीज उघडला आणि दारात इन्सुलिनची खोकी तशीच्या तशी दिसली. इंदिराबाईंनी शांतपणे सांगितलं की मागच्या गुरुवारी महाराजांनी ह्यांनाच विचारलं, सुया बंद करायच्या का. एसी वाजला, म्हणजे होच. आता महाराजांचं साखरनाशक चूर्ण चालू आहे. हे सांगता सांगता त्या दोनदा उठून पाणी प्यायल्या. ओठ कोरडे पडले होते, डोळे खोल गेले होते.

वेणीमाधवांनी जमेल तसं समजावलं. त्यावर बहीण म्हणाली, "दादा, तू पुस्तकांशी बोलतोस, मी माझ्या माणसाशी बोलते. मला तेवढं असू दे."

ते खाली उतरले आणि रस्ताभर स्वतःलाच बोल लावत राहिले. पण मन काही गप्प बसेना. हा आत्मा एसी चालवतो, टीव्ही चालवतो, मग डोक्यावरचा जुना पंखा का नाही? ट्यूबलाइट का नाही? ज्याला रिमोट आहे तेवढंच याला जमतं. महाराजांचा तो टकलू शिष्य सोमनाथ कोपऱ्यात बसून मोबाइलवर जप मोजतो म्हणे. त्यानं पहिल्याच दिवशी ऑनलाइन आरतीसाठी वायफायचा पासवर्ड मागून घेतला होता. आणि महाराजांनी आणून ठेवलेला तो शाळिग्राम! त्याला स्नान घालायचं नाही, झाकायचं नाही, त्याचा फोटो काढायचा नाही. हा अग्निशाळिग्राम, याला पाणी चालत नाही, असं महाराजांनी बजावलं होतं. वेणीमाधवांच्या वडिलांनी रोज सकाळी शाळिग्रामाला स्नान घातलं होतं, त्याचंच तीर्थ घेऊन घर दिवसाला लागे. नदीच्या पात्रात सापडणाऱ्या दगडाला पाणी का चालू नये?

दुसऱ्या दिवशी ते महात्मा गांधी रोडवरच्या एका विजेच्या वस्तूंच्या दुकानात शिरले. तीन गिऱ्हाइकं जाऊ दिली आणि मग मालकाला, शेखरला, हळूच विचारलं की हातात रिमोट नसताना दुसऱ्याच्या घरातला एसी चालू करता येतो का. शेखरने आधी त्यांच्याकडे नीट पाहिलं, हसला आणि काउंटरवर तीन डब्या मांडल्या. हे स्मार्ट रिमोट. मोबाइलवर बोट ठेवलं की वायफायवरून निरोप डबीला, आणि डबी रिमोटसारखाच न दिसणारा प्रकाश फेकते.

"घेताना एवढं बघा, काका. तुमच्या एसीची कंपनी याच्या यादीत हवी, नाहीतर जुन्या रिमोटवरून शिकणारा घ्या. हा स्वस्तातला एकाच दिशेला प्रकाश टाकतो. हा चारी बाजूंना. भिंतीपलीकडे मात्र कुठलाच जात नाही, दर खोलीला वेगळा लागतो. आणि समोर काही आडवं ठेवायचं नाही."

वेणीमाधवांचं लक्ष तिसऱ्या डबीवर खिळलं होतं. काळीभोर, गुळगुळीत, वाटोळी. त्यांचे हात सवयीने जुळत आले होते.

"याला पाणी चालतं का?"

"पाणी गेलं की गॅरंटी पण गेली, काका."

मग शेखरने स्वतःच्या मोबाइलचा कॅमेरा चालू करून डबीसमोर धरला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण पडद्यावर डबीच्या पोटात जांभळट ठिणगी लुकलुकली. वेणीमाधवांनी ते पुन्हा दाखवायला लावलं, पुन्हा दाखवायला लावलं. शेवटी शेखरने विचारलं, निवड झाली का?

"झाली. हाच. पण तो आधीच एकाने नेलाय."

पुढच्या गुरुवारी ते स्टूल सोडून हॉलच्या मध्यावर, सायखेड्याच्या लंकाबाईंशेजारी बसले. लंकाबाई दर खेपेला मोबाइल उंच धरून एसीचं चित्रण करीत. इंदिराबाई पुढे बसल्या होत्या, मान टेकून, फारच थकलेल्या. महाराजांनी जाहीर केलं की आज दिगंबररावांना रक्तदाबाच्या गोळ्यांचं विचारायचं आहे.

वेणीमाधवांनी लंकाबाईंच्या कानाशी लागून विनंती केली, की मोबाइल जरा मागे वळवा, एसीवर नको, शाळिग्रामावर धरा.

"दिगंबरराव, आला आहात का?"

टुक्.

लंकाबाई डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "महाराज, तुमचा देव डोळा मारून ऱ्हायला."

हॉलमध्ये खसखस पिकली. भराभर सगळे मोबाइल शाळिग्रामाकडे वळले. महाराज क्षणभर गडबडले, पण मुरलेले होते. हेच ते दिव्य तेज, म्हणाले, भाग्यवंतालाच दिसतं. आणि भाग्य वाढवायला त्यांनी दिगंबररावांना आणखी एकदा तेज दाखवायला सांगितलं. कोपऱ्यात सोमनाथचा अंगठा हलला. सगळ्या पडद्यांवर जांभळी ठिणगी चमकली आणि एसी टुक् करून बंद झाला. लोकांचे हात जुळले.

वेणीमाधव उठले. आवाज इतका बारीक निघाला की पुढच्यांना मान वळवावी लागली. त्यांनी टीव्हीशेजारचा रोजचा रिमोट उचलला, जवळच्या मोबाइलांसमोर धरला आणि बटण दाबलं. तीच ठिणगी, तोच जांभळट रंग.

"हे तेज आपल्या सगळ्यांच्या घरी आहे," ते म्हणाले. मग देवघरातला तांब्याचा मोठा तांब्या आणून त्यांनी शाळिग्रामावर पालथा घातला. "आता विचारा, महाराज."

महाराज म्हणाले की हा आत्म्याचा अपमान आहे. लंकाबाई म्हणाल्या, विचारा तर खरं. लोकही विचारा, विचारा म्हणू लागले. महाराजांनी नाइलाजाने हाक दिली. एसी गप्प. पुन्हा हाक दिली. गप्प. वेणीमाधवांनी तांब्या उचलला, आणि कुणी काहीच विचारलेलं नसताना एसी टुक् वाजला, झडप उघडली. घामाघूम झालेला सोमनाथ अजूनही मोबाइलवर अंगठा दाबत होता.

आता सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. वेणीमाधवांनी तबकातला शाळिग्राम उलटा केला. खाली वायर खोचलेली होती, ती तबकाच्या भोकातून टेबलामागे जाऊन अखंड दीपाच्याच प्लगमध्ये शिरत होती. दुकानात कळलेलं सगळं त्यांनी अडखळत, दोनदा वाक्य चुकवत सांगितलं, पण सांगितलं.

लंकाबाईंना वेगळाच प्रश्न पडला होता. "मंग ज्यांच्या घरी एसी नाय, त्यांची मानसं मुकीच मेली म्हनायची का, महाराज?"

चूर्णाच्या डब्या शिष्याच्या हाती देऊन महाराज जिन्याने उतरले, लिफ्टची वाटही पाहिली नाही. काळी डबी मात्र मागेच राहिली.

हॉल रिकामा झाला. इंदिराबाई फोटोकडे बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते नव्हतेच."

वेणीमाधवांना वाटलं, आपण बहिणीचा माणूस दुसऱ्यांदा हिरावून घेतला. पुस्तकांत वाचलेलं काहीही त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं.

"ते कुठे आहेत ते मला माहीत नाही, इंदू. या डबीत नाहीत, एवढंच माहीत आहे. आणि तुझा हात कापतो म्हणून रोज जेवणाआधी सुई कोण टोचायचं तुला? तेच ना? मग तेच ती बंद कर म्हणतील?"

इंदिराबाई रडल्या. मग उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि डॉक्टरांचा नंबर लावायला सांगितलं. त्याच संध्याकाळी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टर रागावले, तपासण्या केल्या, नव्याने मात्रा ठरवून दिली. घरी आल्यावर सुई वेणीमाधवांनी टोचली. नर्सने कसं धरायचं ते दाखवलं होतं, आणि त्यांनी तिच्याकडूनही ते पुन्हा दाखवायला लावलं होतं.

दुःखातल्या माणसाला कुणीतरी उत्तर द्यावंसं वाटतं, त्यात त्याचा दोष नाही. मात्र उत्तर ऐकण्याआधी ते कुठून येतंय ते वाकून बघावं. झाकून बघावं, उलटून बघावं. आणि बघायला कुणी मनाई करत असेल, तर तिथून सरळ उठावं.