हाताला गुण

सोफ्यांना नवं कापड चढवणाऱ्या कारखान्यात सगळे त्याला शिंकोबा म्हणत. जुना सोफा उसवला की आतून वर्षानुवर्षांची धूळ उडायची आणि याच्या शिंकांची माळ सुरू. नाक गळतंय, डोळे चुरचुरताहेत. चाळिशी आली तरी लग्न जमलं नव्हतं. "मुलीशी बोलायला तोंड उघडतोस आणि शिंकतोस, कोण हो म्हणेल?" असं त्याची आक्का हसत म्हणायची, पण त्याचं चोंदलेलं नाक ऐकून तिचा जीव तुटायचा. डॉक्टरांनी ॲलर्जी सांगून नाकात मारायचा फवारा दिला होता, त्याने जेमतेम भागायचं. शेवटी आक्कानेच त्याला कानाच्या ॲक्युप्रेशरच्या दवाखान्यात ओढत नेलं.

तिथे नुकतीच शिकून आलेली एक बाई होती. ऑफिसातली नोकरी सोडून, घरच्यांचं न ऐकता या कामात पडलेली. तिने स्पिरिटच्या बोळ्याने त्याचा कान पुसला आणि चिमट्याने चिकटपट्टीचे बारके तुकडे एकेक करून लावले. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध एक काळं बी. एक कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यावर, बाकीची आतल्या खोलगट भागात.

"दुखतंय?" तिने दाबून विचारलं.

"हो. पण चांगलं दुखतंय."

ती खुदकन हसली. "दिवसातून अधूनमधून असंच दाबत जा. फवारा सोडू नका. पुढच्या आठवड्यात दुसरा कान."

इतक्या हळुवारपणे त्याला आजवर कुणी हात लावला नव्हता.

हळूहळू शिंका खरंच कमी झाल्या. फवारा होता म्हणून की कानातल्या बियांमुळे, ते त्याला सांगता आलं नसतं. पण त्याला झोप लागायला लागली. कारखान्यात चेष्टा सुरू झाली, "आता तुझं नाव बदलायला हवं." आणि नेमकी तेव्हाच त्याला धास्ती बसली. बरं झालो तर दवाखान्यात जायचं कशाला?

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"तसंच आहे हो," तो म्हणाला आणि ओढूनताणून एक शिंक दिली.

मग दर आठवड्याला तेच. ती बियांच्या जागा बदलायची, दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना विचारून यायची, त्याच्या कानाशी जास्त वेळ वाकायची. त्याला तेवढंच दिसत होतं. तिचं फाटकं स्टूल त्याने घरी नेऊन नव्याने मढवून आणलं. तिने त्यावरून हात फिरवला, म्हणाली, "तुम्हाला काम येतं."

अखेर त्याने आक्काला सांगून टाकलं, "आज तिला विचारतोच." नवा शर्ट घालून तो गेला, तर ती आपली बाटल्या-चिमटे पिशवीत भरत होती.

"मी सोडतेय हे काम," ती म्हणाली. "दादाच्या दुकानात बसणार. उद्याच निघतेय त्याच्या गावी."

"का पण?"

"माझ्या हाताला गुणच नाही. बाकीचे बरं वाटतंय म्हणतात, ते माझं मन राखायला. तुम्ही तेवढे खरं बोललात. इतके महिने न कुरकुरता आलात आणि काडीचा फरक नाही."

"मॅडम, मी बरा आहे," तो कसाबसा म्हणाला. "केव्हाचाच. तुम्हाला भेटता यावं म्हणून खोटं बोललो."

ती स्टुलावर बसली.

"मी घरी जाऊन रडायचे," ती म्हणाली. "पुस्तकं पुन्हापुन्हा वाचायचे. आणि तुम्ही खोटं शिंकत होतात?"

"मला तुम्ही आवडता."

"ते कळत होतं मला. सरळ विचारलं असतंत तर हो म्हणाले असते."

"मग आता..."

"आता तुम्ही काहीही बोललात तरी मला ते खरं वाटणार नाही." तिने डोळे पुसले. "तुम्हाला बरं वाटतंय हेसुद्धा."

त्याने निदान हे काम सोडू नका म्हणून हात जोडले. तिने मान फिरवली. तो जिना उतरला.

घरी आक्का दारातच उभी होती. "काय म्हणाली?"

"हो म्हणाली असती," तो म्हणाला, आणि उंबऱ्यावरच तोंड झाकून रडायला लागला. आक्काला काहीच उमगेना. ती नुसती त्याची पाठ चोळत राहिली.