नाओमीचं गाव

हळद दळायला बायका जात्याभोवती बसल्या की तिसरी ओवी कुणाची, हे खाडीकाठच्या त्या आळीत कुणाला विचारावं लागत नसे. पहिली गणपतीची, दुसरी कुळदेवीची, तिसरी रेबेकाची. चंद्रावती खुंट्याला हात घालून आळवी,

*शेजारी गो रिबका, तिची सावली दारात*

आणि समोर बसलेली रेबेका दळण मोडू न देता पुरी करी,

*दोघींचं गो हसू, खेळे एकाच घरात.*

चंद्रावती मिठागरातल्या जनूची बायको. रेबेका शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू घरातली, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांची लेक. तिची माणसं एकेक करून इस्रायलला गेली. धाकटी बहीण नाओमी तर लग्न करून थेट अमेरिकेत. रेबेका तेवढी राहिली. नवऱ्याची, एलिजाची, रोह्याच्या कंपनीतली नोकरी हे लोकांना सांगायचं कारण. मनातलं कारण वेगळं होतं. मूलबाळ नाही, भाऊबंद जवळ नाहीत. जगात तिचं म्हणून एक नाव कुठं नांदत असेल, तर चंद्रावतीच्या ओवीत. ते सोडून जायचं कुठं?

त्या वैशाखात चंद्रावतीच्या लेकीचं, मनस्वीचं लग्न ठरलं, आणि नेमकी तेव्हाच नाओमी माहेरपणाला आली. वडखळ नाक्यावर टॅक्सीतून उतरली, आणि आळी तिच्यामागं वळली ती वळलीच.

संध्याकाळ झाली की चंद्रावतीच्या ओटीवर बायका जमत. जमायच्या पूर्वीही, पण तेव्हा रेबेका बोले आणि चंद्रावती ऐके. आता चंद्रावती हनुवटीखाली हात घेऊन बसे ती नाओमीसमोर.

"तुमच्या गावात बघण्यासारखं काय हाय गो?"

"छोटंसं गाव आहे, चंदावैनी. नदीवर एक लाकडी पूल आहे. त्याला छप्पर आहे. लांबून लोक बघायला येतात."

"पुलाला छप्पर!" चंद्रावतीनं जनूकडं पाहिलं. "आणि आमचा गोठा तीन पावसाळं उघडा."

"आणि थंडीच्या आधी झाडांची पानं लाल होतात, पिवळी होतात. ती बघत माणसं गाडीतून हिंडतात."

"पाचोळा बघायला पेट्रोल जाळतात," रेबेका म्हणाली. कुणी हसलं नाही.

नाओमी सांगत राहिली. तळं गोठतं, मग त्याच्यावर खोपी घालून, बर्फाला भोक पाडून माणसं मासे धरतात. भोपळ्यांची जत्रा भरते. भोपळा एवढा मोठा, की ट्रकच्या काट्यावर तोलतात.

"मग भाजी करतात?"

"नाही गो, खात नाही कुणी. नुसता बघतात."

बायका हसून लोटपोट झाल्या. त्या गावाचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून 'नाओमीचं गाव' करून टाकलं. रेबेकाच्या काळजात काटा मोडला. जन्म गेला इथं, पण या गावाला कुणी कधी रेबेकाचं गाव म्हटलं नव्हतं.

एक दिवस चंद्रावती भाकरी थापता थापता बोलून गेली, "नाओमीच्या गावाची एक ओवी बांधायला पायजे गो, हळदीला." रेबेकानं तव्यावरची भाकरी उलटली, ती बोटांसकट. भाजलेलं बोट तिनं तोंडात धरलं.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी नाओमीच्या तोंडून मिठाची गोष्ट निघाली.

"बर्फ पडला ना, की मोठी गाडी येते. सगळ्या रस्त्यांवर मीठ टाकत जाते. बर्फ वितळतो."

जनूच्या हातातली विडी तशीच राहिली. "रस्त्यावर टाकतात? आणि माणसं?"

"माणसं चालतात त्याच्यावरून."

"अगो माझे बाय!" चंद्रावतीनं गालावर हात मारला. "चिमूटभर सांडलं तर वर गेल्यावर देव पापणीनं वेचायला लावतो. नि ही माणसं तुडवतात?"

जनू आपल्या तळव्यांकडं बघत होता. मिठानं खाऊन खाऊन त्यांची चाळण झाली होती.

रेबेकाला वाट सापडली. "आणि तू गो, नाओमी? तूसुद्धा तुडवतेस? आईच्या हातचं मीठ खाल्लेली तू?"

नाओमी उठून गेली. आणि तिच्या पाठीकडं बघताना रेबेकाला कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

सकाळी नवं लुगडं नेसताना तिनं बहिणीला सांगितलं, "तू नको येऊस हळदीला. बायकांच्या मनात ते मीठ बसलंय." आणि चंद्रावतीनं विचारलं तेव्हा म्हणाली, "डोकं दुखतंय तिचं."

पहिली ओवी झाली, दुसरी झाली. तिसरीसाठी रेबेकानं खुंट्यावरची मूठ घट्ट केली. तेवढ्यात दारात नाओमी.

"चंदावैनी, मी आत येऊ का?"

चंद्रावतीनं जातं थांबवलं. "आधी खरं सांग गो. तुडवलंस?"

नाओमीनं उजवा हात पुढं केला. मनगट जरा वाकडं बसलेलं होतं.

"पहिल्या थंडीत नाही पाय ठेववला. मिठाच्या कडेकडेनं बर्फावरून गेले, आणि घसरले. डॉक्टर विचारतो, चांगला रस्ता सोडून तिकडं कशाला गेलात? आता त्याला पापणीचं इंग्रजीत काय सांगू?"

"आणि आता?"

"आता चालते, वैनी. कामाला तर जायलाच हवं. दाराशी वाकून आधी मिठाला हात लावते, कपाळाला लावते, मग पाय ठेवते. समोरची शेजारीण खिडकीतून हसते रोज."

चंद्रावतीनं पदर डोळ्यांना लावला. मग खुंटा धरून तिसरी ओवी उचलली,

*नाओमी गो सखी माझी, मीठ पडलं वाटंला*

ओळ टाकून ती थांबली. नाओमीला पुढचं जुळेना. तिकडं राहून तिची ती वाट मोडली होती. हळदीची ओवी अर्धी राहिली तर नवरीला बाधते, हे सगळ्यांना ठाऊक. डोळे रेबेकाकडं वळले.

रेबेकाची तिसरी ओवी गेली होती, तिच्या डोळ्यांदेखत. आणि सखी, म्हणे. कुणाची सखी? ही केवढीशी होती तेव्हा कडेवर कुणी वागवली होती? खाडीच्या चिखलात रुतली तेव्हा कुणी ओढून काढली होती? तिनं मान वर केली आणि चंद्रावतीच्या तोंडावर ओळ मारली,

*माझ्या गो बहिणीनं, हात कपाळा लावला.*

'माझ्या'वर एवढा जोर आला, की जात्यातून हळद बाहेर उडाली.

"आग्गो!" चंद्रावती हसली. "ओढून घेतलीस की माझ्या हातातनं!"

"तुझी कधी झाली होती ती?" रेबेका म्हणाली. मग बहिणीकडं न बघता, "उभी काय राहिलीस? बस. खुंटा वर धर. खाली माझा हात असतो."

नाओमी बसली. जातं फिरू लागलं. चौथी ओवी चंद्रावतीनं मनस्वीची घेतली. रेबेकानं ती पुरी केली, मूठभर हळकुंडं जात्यात सोडली, आणि पाचवी कुणाची निघते, तिकडं कान लावून बसली.