झुंबरबाईचं परदेशी गेलेलं खापर

मी खान्देशातल्या दोंडाईच्याचं खापर बोलतोय. सध्या मुक्काम क्वालालंपूर, नववा मजला. हसू नका. मातीच्या भांड्यानं विमानात बसू नये असा कायदा नाही. कायदे माणसांना असतात, आणि त्यातल्याच एकानं आमच्या झुंबरबाईला गाठलं.

चिंधा कुंभारानं मला घडवलं. मला चुलीवर पालथं घालायचं आणि पाठीवर मांडे भाजायचे, म्हणजे हातावर कोपरापर्यंत पसरवलेली आमची पुरणपोळी. झुंबरबाईनं मला टिचकी मारून, वाजवून घेतलं. आसपास कुठंही लग्न निघालं की मांड्यांसाठी बोलावणं तिलाच. आपल्यासारखा हात कुणाचा नाही, हे ती चारचौघांत स्वतःच सांगायची. बाईत खोट म्हणाल तर तेवढीच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. पण तिची रूपा मलेशियात, पदरी तान्ही मुलगी, येणार कशी? झुंबरबाई म्हणाली, "ती येस नही ना? मंग मीच माहेर लई जास."

आपल्याकडच्या पर्यटकाला तिथं व्हिसा लागत नाही. तीस दिवस हिंडा, फिरा. मात्र काम करायचं नाही.

पहिल्या खेपेला सगळं गोड झालं. नात मांडीवर, मी गॅसवर. पण शेजारच्या मराठी घरांत मांडे गेले, वाहवा झाली आणि जावई दीपकचं डोकं चालू लागलं. दुसऱ्या खेपेपासून ऑर्डरी सुरू झाल्या. तीस दिवस संपले की झुंबरबाई दोंडाईच्याला परत, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विमानात. कागदावर दर वेळी पर्यटक.

तापण्याचं मला काही नाही, माझा जन्मच त्यासाठी. पण नात दाराशी रांगत येऊन रडायची आणि पिठानं भरलेल्या हातांनी आजीला तिला उचलता यायचं नाही. तेव्हा माझा जीव तुटायचा.

चौथ्या खेपेआधी झुंबरबाईनं फोनवर ठणकावलं, "जावईबापू, आते ऑर्डरी बठ्ठ्या बंद, एक बी नही. ही खेप फक्त मन्ही नातनी."

"बरं आई," दीपक म्हणाला. "पण विमानतळावर कोणी काही विचारलं तर एकच सांगायचं. टुरिस्ट."

ऑर्डरी नसल्या तरी वर्ष फिरून पुन्हा आखाजी जवळ आली होती, म्हणून मीही निघालो. सामानात फुटेन या भीतीनं तिनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळून हातातच धरलं.

क्वालालंपूरला उतरलो, तर खिडकीतल्या अधिकाऱ्यानं तिचा पासपोर्ट पुढंमागं चाळला. मग आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. तिथं हिंदी जाणणारी एक तरुण अधिकारी बसली होती. झुंबरबाईची बोटं माझ्या काठावर घट्ट रुतली.

"बार-बार आती हैं आप. क्यों?"

"टुरिस्ट."

"क्या-क्या देखा यहाँ?"

झुंबरबाई काय सांगणार? तीन खेपा झाल्या, पण रूपाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं तेवढंच मलेशिया तिनं पाहिलं होतं.

अधिकारीबाईनं लुगडं सोडलं, मला उचललं, उलटं करून पाहिलं. "ये क्या है?"

झुंबरबाईच्या चेहऱ्यावरची भीती एका क्षणात पळाली. "खापर! इस पर मांडा बनता है." तिनं बाह्या मागं सारल्या, हवेतच पोळी हातावर घेतली आणि फिरवत फिरवत मोठी करून दाखवली. ती पोरगी कौतुकानं बघत राहिली. मी मनात ओरडत होतो, बाई, आता पुरे! पण कौतुक दिसलं की झुंबरबाईला राहवत नाही.

"एक दिन में सौ-सौ करती मैं!"

"सौ?" पोरगी थांबली. "इतने कौन खाता है, माँजी?"

झुंबरबाईचे हात तसेच हवेत राहिले.

पुढचं सगळं शांतपणे झालं. कुणी आवाज चढवला नाही, फक्त देशात शिरायला नकार दिला. परतीच्या विमानात जागा मिळेपर्यंत तिला तिथंच बसवलं. बाहेर रूपा नातीला घेऊन उभी होती, मध्ये फक्त भिंती. दीपक फोनवर चिडला, "आई, ते खापर आणायची काय गरज होती?" दोष ढकलायचा झाला की माणसांना मीच आठवतो, त्यात नवीन काही नाही.

झुंबरबाईनं डोळे पुसले आणि मला त्या पोरीपुढं धरलं. "मेरे को भेजो वापस. ये मेरी बेटी को दे दो."

माझी तपासणी झाली आणि मला बाहेर रूपाच्या हाती दिलं. ना पासपोर्ट, ना प्रश्न. ज्या दारातून आजीला जाता आलं नाही, त्यातून मातीचं भांडं गेलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आता मी कपाटाशेजारी पालथा असतो. नात माझा आधार घेऊन उभी राहायला शिकली. फोनवर आजी दिसली की ती फोनच्या मागं जाऊन तिला शोधते. ते बघवत नाही.

रूपा, माझं एक ऐक. माय कधी येईल याची वाट बघत बसू नकोस. येत्या आखाजीला तूच निघ, पोरीला घे, मला घे. दोंडाईच्याच्या स्टेशनावर उतरलीस की तुला कुणी विचारणार नाही, कशाला आलीस, किती दिवस राहणार.