काजळीचा खटला

काजळी भरदिवसा चोरीला गेली. वहिनीची दाढ ठणकत होती, म्हणून दीर तिला मोटारसायकलवर बसवून शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला होता. सुजलेला गाल धरून ती परत आली तर फाटक उघडं, खुंट्याला कापलेला दोर आणि वासरू हंबरून हंबरून घसा बसलेलं.

तिला सगळी वस्तीच वहिनी म्हणायची. नवरा तरुणपणीच गेला. धाकटा दीर तेव्हा शाळेत होता, त्याला तिनंच वाढवलं. आता दोघं मिळून गोठा सांभाळत होती. त्या गोठ्यात काजळी म्हणजे वहिनीचा जीव की प्राण. डोळ्यांभोवती काळी कडा, म्हणून काजळी. स्वभावानं हट्टी. दीर धारेला बसला तर बादलीला हमखास लाथ मारायची.

जवळची पोलीस चौकी केव्हाच बंद झाली होती. शहरातल्या ठाण्यात हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, थोडे दिवस वाट बघा. फिरत फिरत येईल घरी."

"दोर कापून फिरायला गेली का हो ती?" वहिनीनं विचारलं.

हवालदार हसला. तक्रार लिहून घेतली, पण चौकशीला कोणी फिरकलं नाही.

पुढे दुधाच्या टँकरवाल्यानं खबर आणली. नदीपलीकडच्या गावात भोपळ्यांच्या वाडीत तशीच गाय त्यानं पाहिली होती. दोघं तडक तिकडे गेली. कुंपणाशी उभं राहून वहिनीनं नुसती हाक मारली, "काजळे!" तोंडातला पाला तसाच चघळत गाय चालत आली आणि तिचा हात चाटू लागली. कानातला बिल्ला कोणीतरी कापून काढला होता.

वाडीचे मालक भोपळेआजोबा. रस्त्याच्या कडेला भोपळे विकायचे, म्हणून ते नाव. गाय वहिनीचा हात चाटताना पाहूनच म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"टेम्पोवाल्या व्यापाऱ्याकडून घेतली मी," ते म्हणाले. "मालक गाव सोडून चाललाय म्हणाला. मी विश्वास ठेवला. पोरी, गाय तुझी आहे हे दिसतंयच. आत्ताच्या आत्ता घेऊन जा. फक्त पोलिसांत माझं नाव येऊ देऊ नकोस."

वहिनीनं दोराला हात घातलासुद्धा.

"वहिनी, थांब," दीर म्हणाला. "आज गपचूप नेली तर तो व्यापारी उद्या दुसऱ्याचा गोठा रिकामा करेल. आणि आपलीच गाय आपण चोरासारखी का न्यायची? रीतसर नेऊ."

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. वहिनीला ते पटलंही. तिनं हात मागे घेतला.

पोलीस आले, व्यापाऱ्याला पकडलं आणि दुसऱ्याच दिवशी तो जामिनावर सुटून आपल्या धंद्याला लागला. आजोबांवर चोरीचा माल बाळगल्याचा आरोप आला. त्यांच्या वकिलानं त्यांना घाबरवलं. गाय चोरीची आहे हे कबूल केलं तर आत जाल, गाय माझीच आहे असं ठणकावून सांगा, म्हणाला. आयुष्यात कोर्टाची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यानं तसं सांगितलं. मग दोघंही मालकी सांगतात म्हटल्यावर निकाल लागेपर्यंत गाय कोणालाच मिळेना. ती कागदोपत्री मुद्देमाल झाली आणि शहरातल्या कोंडवाड्यात जाऊन उभी राहिली.

दुभती गाय ती. वहिनी पहिल्यांदा गेली तेव्हा कोंडवाड्याच्या रखवालदारानं तिला अडवलं. "हात लावू नका बाई. सरकारी आहे ती."

"सरकारी झाली म्हणून दूध उतरायचं थांबतं का, दादा? कास बघा तिची."

त्यानं कास बघितली आणि मुकाट्यानं फाटक उघडलं. वहिनी धार काढायची, सरकारी गाईचं दूध नेता येत नाही म्हणून सिमेंटवर सांडून द्यायची. जाताना पोटाशी धरून नेलेला ओला चारा तिला भरवायची. पण घरच्या गुरांना टाकून रोज दोन वेळा इतक्या लांब जाणार कसं? रखवालदाराला धार काढता येत नव्हती. शिकवायला गेली तर काजळीनं त्याला असं ढुशी देऊन पाडलं, की तो पुन्हा जवळ गेला नाही.

ताबा मिळावा म्हणून दिलेल्या अर्जावर तारखा पडत राहिल्या. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी समोरचा वकील गैरहजर. वहिनी कोर्टाच्या बाकावर बसून राहायची, घरी वासरू ओरडत असेल या विचारानं तिचं कशात लक्ष लागायचं नाही. मग साहेबांची बदली झाली.

काजळीची कास दगडासारखी झाली. रखवालदारानं स्वतःहून फोन करून डॉक्टरला बोलावलं, त्यानं सुया दिल्या, पण उशीर झाला होता. वहिनी पोहोचली तेव्हा गाय आडवी पडली होती. हाक ऐकून तिनं मान उचलायचा प्रयत्न केला. वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

खटला मात्र चालूच राहिला. वहिनीची साक्ष झाली तेव्हा व्यापाऱ्याच्या वकिलानं विचारलं, "बिल्ला नाही, खूण नाही. गाय तुमचीच कशावरून?"

"हाक मारली की यायची."

"मग मारा हाक."

मागच्या बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसलं. नव्या साहेबांनी वकिलाला झापलं, पण वहिनीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. कठड्याला घट्ट धरून ती नुसती उभी होती.

पुराव्याअभावी व्यापारी सुटला. आजोबाही सुटले, पण त्यांचं सुटणं नावापुरतंच होतं. भोपळे घ्यायला थांबलेली माणसं चेष्टेनं म्हणायची, "चोरीचे नाहीत ना, आजोबा?" त्यांनी रस्त्यावर बसणंच सोडून दिलं.

निकालानंतर वहिनी त्यांच्याकडे गेली. दीर सोबत होता, पण आत आला नाही. आजोबा पडवीत खाटेवर बसले होते. वाडीत न तोडलेले भोपळे वेलावरच सडत पडले होते. आजींनी पाणी आणून दिलं, पण वहिनीकडे बघितलं नाही.

"बाबा," वहिनी म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही ने म्हणालात, तेव्हाच न्यायला हवी होती मी."

आजोबा म्हणाले, "मी शपथ घेऊन सांगितलं, गाय माझी आहे. खरं बोललो असतो तर तुला लवकर मिळाली असती. जगली असती बिचारी. जेलची भीती वाटली गं. या वयात."

"तुम्हाला त्यात ओढलं कोणी?"

"आता बास करा दोघं," आजी म्हणाल्या. त्या वहिनीशेजारी येऊन बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. "वासरू कसं आहे?"

"मोठं झालंय. आईसारखंच हट्टी आहे."

निघताना आजोबा दारापर्यंत आले नाहीत. रस्त्यावर दीर मोटारसायकलला टेकून उभा होता. वहिनी मागे बसली तरी त्यानं गाडी चालू केली नाही.

"वहिनी, माझं चुकलं का गं?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "नाही रे. तू म्हणालास ते बरोबरच होतं."

"चुकलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "निदान माफी मागता आली असती."

वहिनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धारेची वेळ टळत होती. जरा वेळानं त्यानं किक मारली आणि दोघं घराकडे निघाली.