वरच्या मजल्यावरचा चोथा

"आज दोन्ही हातांनी धरा हो माळीबुवा, नाहीतर तळ सुटेल," असं म्हणत कॉफीवाल्या मावशींनी ओली पिशवी जावक कारकुनाच्या हातात दिली.

पिशवी कालच्यापेक्षा बरीच जड होती. जावक कारकुनाने ती हातात तोलून पाहिली.

घरच्या गॅलरीतल्या कुंड्यांपायी ऑफिसात त्याला माळीबुवा म्हणत. खालच्या मजल्याला यंत्रातला चहा मिळे. तो कशाचा करतात हे विचारण्याची पद्धत नव्हती. खरी, ताज्या दळलेल्या बियांची कॉफी फक्त वर, साहेबलोकांसाठी. तिचा चोथा तो घरी नेई, कागदावर वाळवी आणि पालापाचोळ्यात मिसळून चिमूटचिमूट गुलाबाला घाली. गुलाबाची तक्रार नव्हती. पण इतक्या वर्षांत गुलाबापेक्षा त्यालाच चोथा जास्त कळू लागला होता. वरच्या बैठका लांबल्या की कप वाढत, कप वाढले की चोथा वाढे, आणि चोथा वाढला की खालची माणसं कमी होत. पॅकिंग खातं बंद झालं तेव्हा पिशवी अशीच गळत होती. ड्रायव्हरांना काढलं त्या महिन्यात कुंडीतल्या मिरच्या नुसत्या लगडल्या होत्या.

"मावशी, वर काय चाललंय?"

"मला कोण सांगतंय? मी ट्रे घेऊन आत गेले की सगळे हवापाण्यावर बोलायला लागतात."

कालच एक माणूस टेप घेऊन आला होता. आवक आणि जावक अशी दोन्ही टेबलं मोजून 'एक बास' असं पुटपुटून गेला होता.

समोरच्या टेबलावर आवक कारकून डबा पुसत होता. त्याच्या मेहुण्याच्या गोदामात एक जागा होती. हो की नाही, ते आज दुपारपर्यंत सांगायचं होतं.

"मेहुण्याला काय कळवतोयस?"

"नाही म्हणून. साहेब परवाच म्हणाले ना, आपण सगळे एक कुटुंब. घरच्यांना सोडून मेहुण्याकडे कुठे जाऊ?"

"हो म्हण. आत्ताच्या आत्ता."

"का रे बाबा?"

"वरून चोथा फार आलाय."

आवक कारकून खो खो हसला. "तुझ्या गुलाबाचं पोट भरलं म्हणून मी नोकरी सोडू?"

"पॅकिंगच्या वेळचं आठव."

हसू थांबलं. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग टेबलांकडे, मग बराच वेळ जावक कारकुनाकडे.

"आणि मी गेलो की तू राहिलास. असंच ना?"

हा विचार जावक कारकुनाच्याही मनात आला होता. खरं तर मित्राच्या काळजीच्या जरा आधीच.

"तसं नाही रे."

"मग कसं?"

'मग मी जातो' म्हणता आलं असतं. पण त्याला गोदामवाला मेहुणा नव्हता.

आवक कारकुनाने फोन उचलला. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अहो मेहुणे, नाही जमायचं. मी गेलो तर इथे काही जणांचं फारच भलं होईल."

दुपारी शिपाई आला. "आवकवाले, वर बोलावलंय."

आवक कारकुनाने शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि जिना चढून गेला. जावक कारकून पाकिटांवर शिक्के मारत राहिला. दोन पाकिटांवर उलटे पडले.

थोड्या वेळाने मावशी टेबलाशी वाकल्या.

"त्यांना खुर्ची दिलीय, समोर हिशेबाचं पाकीट ठेवलंय. त्यांच्यासाठी कॉफी सांगितलीय." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "साखर किती घेतात ते?"

खालच्या माणसाला वर कॉफी मिळाल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"दोन चमचे," जावक कारकून म्हणाला. "आणि तुम्हीच ढवळून द्या. तो विसरतो."