टोपीतली पट्टी

"मान फिरव," क्वेक साहेब म्हणाले.

मी फिरवली. सिंगापुरातल्या बस डेपोच्या फाटकापाशी आम्ही ड्रायव्हर आणि कंडक्टर केस तपासून घ्यायला रांगेत उभे होतो. साहेबांनी हातातली मोजपट्टी माझ्या मानेला टेकवली.

"टोपी काढ."

टोपी काढली तसा अलमेलूने सकाळी खोचलेला आकडा निसटला आणि केस कॉलरवर आले. मागे कुणीतरी शीळ घातली.

"हे काय सिंगारम? चाळिशीत हिप्पी झालास?"

"नवस आहे साहेब. तैपूसमच्या सणाला मुरुगनच्या देवळात उतरवायचेत."

"हे बघ, रांगेतल्या करतारसिंगचा फेटा मला कळतो. त्यांच्यात केस कापत नाहीत. तुमच्यात कापतात. त्या सणाला डोक्याला चंदन फासलेले तुमचे लोक मी दरवर्षी बघतो. म्हणजे तुला केस काढायचेच आहेत, आणि मलाही ते काढलेलेच हवेत. मग भांडण कसलं?"

सगळे हसले. उत्तर मला सुचलं ते घरी पोचल्यावर. जेवण पानात वाढलं काय आणि गटारात ओतलं काय, पातेलं रिकामंच होतं, असं म्हणण्यासारखं साहेबांचं बोलणं होतं.

माझा कंडक्टर ओस्मान मात्र बोलला. "साहेब, गाडी तो हाताने चालवतो, केसांनी नाही. आणि नवस तोडायला लावलात तर त्याचा देव आमच्याच गाडीच्या चाकात हवा ठेवणार नाही."

साहेबांनाही हसू आलं. "तैपूसमपर्यंत," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मला ही मान दिसली पाहिजे. तोवर टोपीबाहेर एक केस आला तर गाडीची चावी परत."

नवस माझा नव्हता, अलमेलूचा होता. आदल्या वर्षी मला कावीळ झाली होती आणि डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून मान हलवली होती. तिने तिथेच भिंतीकडे तोंड करून मुरुगनला सांगितलं, हा माणूस उठून बसला तर पुढच्या तैपूसमपर्यंत याच्या केसांना कात्री लावणार नाही, आणि मग सगळे तुझ्या पायाशी. मी उठलो. मला हे कळलं तेव्हा मी चिडलोच होतो. दर पगाराला न्हाव्याकडे जाऊन मान कोरून घेणारा माणूस मी.

"स्वतःचे केस बोलायचे होतेस," मी म्हणालो.

"माझे काय, ते वाढतातच," ती म्हणाली. "तुम्हाला जड जाईल असंच काहीतरी बोलायला हवं ना देवाला? अहो, त्यालाही कळतं."

केस वाढले तशी टोपी डोक्यावर उभी राहायला लागली. मग अलमेलूने टोपीची मागची शिवण उसवली आणि दिवाळीच्या जुन्या हिरव्या पोलक्याची पट्टी आतून जोडली. रोज सकाळी मी पाटावर बसायचो. ती तेल लावून केस गुंडाळायची, आकडे खोचायची आणि वर टोपी दाबून बसवायची.

"बघा, नवरीमुलगी तयार," असं म्हणायची. मूलबाळ आम्हाला नव्हतं. ही वेणीफणी करण्याची हौस माझ्या डोक्यावर भागली.

त्याच पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. लहानपणीच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली होती, ती आता त्रास द्यायला लागली. महिन्याला औषध आणायला मी तिला सरकारी दवाखान्यात नेत असे. कोणत्या ते सांगत नाही. त्या काळात सिंगापूर सरकारला हिप्पी नको होते, म्हणून बहुतेक सरकारी खिडक्यांवर अशी पाटी होती: लांब केसांच्या पुरुषांचं काम शेवटी होईल. सोबत चित्रही होतं, कान झाकलेल्या माणसाचं.

मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा आतला मनुष्य माझ्या कानांकडे बघून म्हणाला, "तुम्ही बाजूला. शेवटी या."

"औषध माझं नाही. बायकोचं आहे. ती काय बसलीय बाकावर."

"पाटी वाचता येते ना?"

मी बाजूला झालो. माझ्या मागची माणसं एकेक करून औषधं घेऊन गेली. नवी आली, तीही गेली. शेवटी म्हणजे कधी, हे त्या पाटीवर लिहिलं नव्हतं. माझा आवाज चढला तसा पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला.

तेवढ्यात अलमेलू बाकावरून उठली. भिंतीला धरत धरत आली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली.

"तू बस," मी म्हणालो.

"तुम्ही बसा. तमाशा नको."

मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलो. ती उभी होती. ओठ निळसर पडलेले. दर माणसामागे एक पाऊल पुढे सरकायची आणि थांबून श्वास घ्यायची. तिची वेणी कमरेच्या खाली येत होती. खिडकीतल्या माणसाने तिला लगेच औषध दिलं. तिच्या केसांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

बसमध्ये ती म्हणाली, "मी चुकले का हो? काही दुसरं बोलले असते तर."

"चुकले ते लोक," मी म्हणालो. "तुझा शब्द मी पुरा करणार."

"कराच. मी बघायला येणार आहे. तुमचं डोकं कसं आहे ते मला अजून माहीत नाही. वाकडं निघालं तर हसणार मी."

तैपूसमला काही आठवडे उरले असताना, पोंगलच्या आधीच ती गेली. दुपारी तांदूळ निवडताना.

घरासमोर मांडव घातला. न्हावी वस्तरा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. अग्नी देणाऱ्याने मुंडण करायचं, आणि मूल नाही म्हणून अग्नी मीच द्यायचा होता. मी पाटावर बसलो, तिने बसवायची तसाच. न्हाव्याने पाणी शिंपडलं. मी त्याचा हात धरला.

"हे केस मयताचे नाहीत," मी म्हणालो. "नवसाचे आहेत."

तिचा भाऊ दुरैराज पुढे आला. "दाजी, भलत्या वेळी काय हे? बायकोला अग्नी द्यायचा नाही तुम्हाला?"

"द्यायचाय. पण हे तिनेच देवाला दिलेत. मी मधल्यामध्ये कसे काढू?"

"लोक काय म्हणतील?"

लोक म्हणालेच. शेवटी दुरैराजने स्वतःचं मुंडण करून घेतलं आणि बहिणीला अग्नी दिला. मी मागे उभा राहून बघितलं. माझ्या बायकोच्या चितेला माझा हात लागला नाही.

घरात मयत झालं की आमच्यात वर्षभर देवळाची पायरी चढत नाहीत. तैपूसम आला आणि माझ्यावाचून गेला. दुसऱ्या दिवशी क्वेक साहेबांनी मला रांगेतून बाहेर काढलं.

"सण झाला. मान कुठाय?"

मी सांगितलं. बायको गेल्याचं त्यांना माहीत होतं. डेपोतून हार आला होता, त्यावर त्यांचंही नाव होतं. वर्षाचं सुतक मात्र त्यांना नवीन होतं.

"आधी सण, आता सुतक. पुढच्या वर्षी काय सांगशील? नियम सगळ्यांना सारखा. बाहेर न्हावी बसलाय, कापून ये. एका तासात गाडी काढ."

"साहेब, तिच्या चितेसाठी मी हे केस दिले नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज सगळ्या डेपोत ऐकू गेला असेल. "ते तुमच्या कॉलरसाठी देऊ?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी हात पुढे केला. मी चावी दिली.

त्यांनी मला मागच्या आवारात गाड्या धुवायला टाकलं. तिथे उतारूंना आम्ही दिसत नव्हतो, म्हणून तिथे नियम नव्हता. म्हणजे माझ्या केसांनी काही बिघडत नव्हतं, ते दिसण्याने बिघडत होतं. वर्षभर मी दुसऱ्यांनी चालवलेल्या गाड्यांचा चिखल काढला. ओस्मान रोज येऊन बसायचा. म्हणायचा, "सिंगा, नवा ड्रायव्हर गाडी चालवत नाही रे, उडवतो. लवकर ये बाबा, नाहीतर मीच नवस बोलेन." सकाळी केस मीच गुंडाळायचो. नीट जमत नसत.

वर्षश्राद्ध झालं. तैपूसमला मी देवळाबाहेरच्या न्हाव्यासमोर बसलो. तो म्हणाला, "अण्णा, आधी आकडे तर काढू द्या," आणि एकेक काढून माझ्या हातात ठेवले. केस मांडीवर पडले, मग घमेल्यात, तिथल्या इतरांच्या केसांत. माझे कोणते ते लगेच कळेनासं झालं. डोक्याला चंदन लावलं. मी हात फिरवून पाहिलं. मागच्या बाजूला डोकं जरा वाकडंच होतं.

दुसऱ्या दिवशी क्वेक साहेबांनी मला पाहिलं आणि मनापासून खूश झाले.

"आता दिसतोस ड्रायव्हर! बघ, किती सोपं होतं." त्यांनी चावी पुढे केली.

मी घेतली. टोपी घातली ती थेट कानांवर उतरली, भुवयांपर्यंत.

"स्टोअरमधून दुसरी घे," साहेब म्हणाले.

"पट्टी उसवली तरी बसेल," ओस्मान म्हणाला.

"हीच ठीक आहे," मी म्हणालो.

"सिंगारम, ती कानांवर येतेय."

"केस कानांवर यायला नकोत, साहेब. टोपीबद्दल कुठे लिहिलंय?"

त्यांनी भिंतीवरच्या नियमांच्या कागदाकडे पाहिलं. मग पुढच्या माणसाला म्हणाले, "मान फिरव."

मी गाडी काढली. दर वळणाला टोपी डोळ्यांवर यायची आणि मी ती मागे सारायचो. शेवटच्या थांब्यावर काढून पाहिली, तर घामाने ओलं झालेलं चंदन आतल्या हिरव्या पट्टीला लागलं होतं.

ते मी पुसलं नाही.