माझ्या सूर्यावरचा लाल अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. दुकानातली नव्हे हं, घरी केलेली! माझ्या पोटावर एक सूर्य आहे. मधे पिवळा, भोवती तांबडा आणि कडेला काळपट तपकिरी. पण नीट पाहाल तर तो एका बाजूने झाकोळलेला दिसेल. तिथे ढग कसा आला, तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म शिलाँगच्या मावलाईतला. लामफ्रांगमामांनी पाइनच्या फळ्या तासून, चिकटवून मला घडवलं, ते त्यांच्या भाचीसाठी, दारिहुनसाठी. नाताळात चर्चमध्ये ती पहिल्यांदाच एकटी गाणार होती. मागून आणलेली गिटार नको, स्वतःचीच हवी, असा तिचा हट्ट!

रंग द्यायचा दिवस मला अजून आठवतो. मामांनी आधी मला ओल्या फडक्याने पुसलं, उठलेले तंतू घासून बसवले. मग स्पिरिटमध्ये भिजवलेली लाकाडोंगची हळद सगळ्या अंगाला लावली. तुमच्याकडे नवरीला हळद लावतात म्हणे. तिला कसं वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं. मग भोवती तांबडा, कडेला तपकिरी. रंग ओला असतानाच मामा फडक्याने मधून बाहेर, मधून बाहेर पुसत राहिले. एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

इतक्यात मेई आल्या. मेई म्हणजे दारिहुनची आई. आमच्याकडे कुणी आलं, कुणी काम करत बसलं, की आधी हातात क्वाय द्यायची. क्वाय म्हणजे सुपारी आणि चुना लावलेलं पान.

"लाम, आधी क्वाय खा, मग रंगव," असं म्हणत मेईंनी पान पुढे केलं आणि "वाळली का रे ही?" म्हणून अंगठा माझ्यावर टेकवला.

हळद आणि चुना! पुढे काय झालं, ते तुम्हाला सांगायलाच नको. पिवळ्याच्या काठाशी लालभडक अंगठा उमटला.

"मेई!" दारिहुन किंचाळली. "काय केलंस हे!"

"अगं, मला काय ठाऊक, अजून ओली आहे ते."

मामा हसून हसून बेजार. मेईंना ते काँग म्हणत, म्हणजे ताई. "काँग, घडवली मी आणि सही तुझी होय?"

"मामा, हसू नकोस. पुस ते! चर्चमध्ये सगळे विचारतील, गिटारला काय चावलं म्हणून."

"राहू दे ग. असा डाग जगात दुसऱ्या कुठल्या गिटारीवर नसेल."

"म्हणूनच नको!"

मेई अंगावरच्या चौकटीच्या वस्त्राला अंगठा पुसत आत गेल्या.

डाग लाकडात खोल गेला होता. मामांनी घासला, पुन्हा घासला. फळी पातळ व्हायला लागली, तेव्हा ते थांबले आणि त्या जागेवर कडेचा तपकिरी रंग ओढला. असा माझ्या सूर्यावर ढग आला. वरून लाखेचं चकचकीत पॉलिश चढलं.

नाताळात दारिहुन काय गायली म्हणून सांगू! मीही जीव ओतून वाजले. लोक म्हणाले, "ढगाआडून ऊन आल्यासारखी दिसते ग तुझी गिटार." मेई शेवटच्या बाकावर होत्या. टाळ्या वाजवताना त्यांचा अंगठा मला दिसला. चुन्याने पांढरा.

पुढे मेई आजारी पडल्या आणि एका हिवाळ्यात गेल्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाला 'देवाच्या दारी क्वाय खायला गेलं' म्हणतात. भेटायला आलेल्या कुणीतरी ते म्हटलं आणि दारिहुनने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तिने मला हातच लावला नाही. मी खिडकीशी उभी. तारा गंजल्या, उन्हाने हळद विटली. ढग तेवढा गडद राहिला.

मग एकदा तिने मला मामांकडे नेलं. "मामा, हा तपकिरी रंग काढलास तर खाली तो अंगठा असेल ना?"

मामांनी बराच वेळ मला मांडीवर धरून ठेवलं. "नाही ग पोरी. घासला होता ना मी. भुशाबरोबर गेला तो."

"मी सांगितलं म्हणून."

"हात तर माझेच होते."

दारिहुनने मामांच्या क्वायच्या ताटलीतला चुना अंगठ्यावर घेतला आणि ढगावर दाबून धरला. पण माझ्या अंगावर लाखेचं कवच! लाल काहीच झालं नाही. पांढरा ठसा उमटला, वाळला, आणि मामांच्या बाहीने पुसला गेला.

मामांनी नव्या तारा चढवल्या. आता ती मला वाजवते. रोज नाही, कधीकधी. सुरुवातीला ढगावर अंगठा ठेवते आणि मगच पहिला सूर लावते.

मित्रांनो, आमच्या तारा पुसत जा, आम्हाला उन्हात विसरू नका, हे तर आहेच. पण हातात पॉलिश पेपर घ्याल तेव्हा जरा थांबा. तो डाग कुणाचा आहे, ते आधी बघा. मी तर तो लाल अंगठा मिरवत चर्चमध्ये गेले असते. पण मला कुणी विचारलंच नाही.